इया मुइनातची खोली

ओग्बोमोशो, नायजेरिया
२१ डिसेंबर १९६९

याआ,

पोचलो. सगळे जिवंत आहोत. एवढं वाचून पत्र खाली ठेवावंसं वाटेल, पण ठेवू नकोस. खरं काम शेवटी सांगणार आहे.

टेचिमान सोडल्यावर अकराव्या दिवशी इथं उतरलो. त्यातले चार दिवस आफ्लाओच्या सीमेवर उन्हात काढले. आमच्या ट्रकमध्ये सत्तावन्न माणसं, सहा शेळ्या आणि एक शिलाई मशीन. तिसऱ्या दिवशी एक बाई ट्रकच्या चाकाला टेकून बाळंत झाली. आम्ही लुगडी धरून आडोसा केला. एक शिपाई वाकून म्हणाला, "काय गं, पोर आमचं की त्यांचं?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. बाकीचे शिपाईही हसले. वाटेतली घाण, माश्या, उपास मी विसरेन. ते हसणं नाही.

पण शिपाई तरी परका होता. आपल्या गल्लीचं काय? घानाच्या सरकारनं रेडिओवर सांगितलं, परक्यांनो, दोन आठवड्यांत कागद दाखवा, नाहीतर देश सोडा. माझा जन्म टेचिमानचा, माझ्या भावाचा, रासाकीचाही टेचिमानचा. कागद म्हणे! तुझ्याकडे तरी कुठला कागद आहे गं? आणि शेवटच्या दिवशी ती अद्वोआ मान्सा, जिला माझ्या आईनं गोवरात नऊ दिवस मांडीवर घेतलं होतं, ती दोन रिकाम्या टोपल्या घेऊन दारात उभी. "मुइनात, नाहीतरी तुला एवढी भांडी नेता येणार नाहीत." आवाजात इतकी माया! थुंकावंसं वाटलं, पण तोंडाला कोरड पडली होती.

इथं तरी काय आहे? माझ्या योरुबात तुमची त्वी भाषा मिसळते, म्हणून चुलत भावांची पोरं मागे मागे फिरतात. "घानावाली, बोल ना काहीतरी!" ज्या गावाला आई मरेपर्यंत 'आपलं घर' म्हणत होती, तिथं आम्हाला गोठ्याशेजारी जागा दिली आहे. तिकडे परकी, इकडे पाहुणी. हे पत्र त्वीतच लिहिते, कारण मनातलं मला दुसऱ्या कुठल्याच भाषेत लिहिता येत नाही.

आता काम. घराची किल्ली तुझ्याकडे आहे. आतल्या खोलीत जमिनीखाली माझी आई आहे, सगळं गाव जिला 'इया मुइनात', मुइनातची आई, म्हणायचं ती. हे तुला, मला आणि रासाकीला माहीत, चौथ्याला नाही. गावाला आपण सांगितलं की कुमासीला नेऊन पुरलं. आमच्यात आई घरातच राहते. तिला गावाबाहेर झुडपांत एकटी टाकणं आम्हाला जमत नाही. तुमच्या माणसांना हे ऐकूनच शिसारी येते आणि नगरपालिकेचा माणूस तर कुदळ घेऊनच येईल, म्हणून दार लावून रासाकीनं खणलं आणि तू ओट्यावर बसून राखण केलीस. ते मी विसरलेले नाही.

दर शुक्रवारी तेवढी खोली झाड. थोडं पाणी शिंपड. कुणाला आत येऊ देऊ नकोस आणि कुणाला सांगू नकोस. बाकी घर पडलं तरी चालेल.

मुइनात


टेचिमान
१४ जानेवारी १९७०

माझी मुइनात,

तुझं पत्र पोस्टातल्या माणसानं फोडून, वाचून, परत चिकटवून दिलं असं वाटतं. त्याला त्वी वाचता येत नसेल अशी आशा करू या. तो गा भाषेवाला आहे, बहुतेक येत नसेल.

तू गेल्यापासून बाजार म्हणजे दात पडलेलं तोंड झालं आहे. सुई हवी, सुई नाही. आरसा हवा, आरसा नाही. कुलूप हवं तर कुमासीला जा. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, तेच आता म्हणतात, "ते योरुबा होते तेव्हा सगळं मिळायचं." मी म्हटलं, "मग हाकललंत कशाला?" तर म्हणतात, "आम्ही कुठं? सरकारनं." अद्वोआ मान्सानं तुमची भांडी दारात मांडली आहेत आणि तिपटीनं विकते. मी तिच्याशी बोलत नाही. म्हणजे नमस्कारापुरती बोलते, चर्चमध्ये शेजारीच बसावं लागतं.

किल्ली माझ्या कमरेला आहे. दोन्ही शुक्रवारी झाडलं. आणि ऐक, नुसतं पाणी काय शिंपडायचं म्हणून मी चांगली परदेशी जिन आणली, अर्धी बाटली तिच्यावर ओतली आणि म्हटलं, "इया, ही घे, पी, आणि तुझ्या लेकरांकडे लक्ष ठेव." तिला बरं वाटलं असेल.

क्वाकू मामा एकदा घरासमोर उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "याआ, या घराखालची जमीन आपल्या घराण्याची. परक्यांना राहायला दिली होती." मी म्हटलं, "मामा, घर मुइनातच्या आईनं बांधलंय." मामा म्हणाला, "मग बोलव की मुइनातला." तू त्याला ओळखतेस. घराण्याचा प्रमुख, त्यात सख्खा मामा, त्याच्यासमोर माझा आवाज बसतो. पण तू काळजी करू नकोस. मी आहे ना.

तुझीच
याआ तिवा


ओग्बोमोशो
२ मार्च १९७०

याआ,

जिन! जी बाई रमजानात थुंकीसुद्धा गिळायची नाही, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवायची, तिच्या छातीवर तू अर्धी बाटली जिन ओतलीस? रासाकीला वाचून दाखवलं तर तो दोन दिवस जेवला नाही. मी मात्र, अल्ला मला माफ करो, हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले. तुमच्या मेलेल्यांना तहान दारूचीच लागते, हे मी विसरूनच गेले होते. पुन्हा असं करू नकोस. पाणी म्हणजे पाणी.

मामाला किल्ली देऊ नकोस. त्याला काय हवं ते मला कळलं आहे. माणसं निघाली की कुलपाकडे बघणारे सगळीकडे सारखेच.

आम्ही इथून निघतो आहोत. नातेवाइकांना आमचं ओझं झालं आहे. सकाळी लापशी देताना पातेलं आपटतात. धाकटे काका उत्तरेला जॉसमध्ये व्यापार करतात, ते म्हणतात या. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, अशी जागा त्यांनी बघून ठेवली आहे. पत्ता खाली देते.

मामाचं काय झालं ते खरं खरं लिही. बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

मुइनात


टेचिमान
९ मे १९७०

प्रिय मुइनात,

उशीर झाला, रागावू नकोस. यंदा पाऊस वेळेवर आला, मका बरा आहे. माझा क्वामे आता तंत्रशाळेत जातो, खाकी गणवेशात अगदी साहेब दिसतो. अद्वोआ मान्साच्या पायाला सूज आली आहे. मी म्हटलं, भांड्यांचं वजन पायात उतरलं. हसलीस ना?

घर नीट आहे. शुक्रवारचंच काय, हल्ली रोज झाडलं जातं, सारवलं जातं. कौलं बदलली. बंद घराला वाळवी लागते, घरात माणसांचा वावर हवा असं मामा म्हणतो, आणि ते खोटं नाही. जिन मी पुन्हा ओतली नाही. शपथ.

जॉस थंड आहे म्हणतात. लोकरीचं काही घालत जा. हात जरा दुखतो म्हणून इथंच थांबते.

तुझी
याआ


जॉस
३० ऑक्टोबर १९७०

याआ तिवा,

काल आमच्या दुकानात अल्हाजी गार्बा म्हणून कोला फळांचा एक व्यापारी आला. टेचिमानला जाऊन येतो असं कळल्यावर मी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. विचारलं, आमची गल्ली बघितलीत का? मशिदीकडून खाली उतरलं की निळ्या दाराचं घर?

"म्हणजे खानावळ!" तो म्हणाला. "तिथं मी दर फेरीला बाहेर बसून जेवतो. आत बसत नाही, आत ताडी आणि त्यांची ती कडक दारू चालते. पण फुफू काय करतात! आतल्या खोलीत उखळ आहे. दोन गडी मुसळानं उकडलेले कंद कुटतात आणि एक बाई हातानं तो गोळा फिरवत असते. मुसळाच्या दोन घावांमध्ये तिचा हात आत जातो आणि बाहेर येतो, बघत राहावं."

मी विचारलं, "आतल्या खोलीत कशाला? अंगणात का नाही?"

"मीही विचारलं. म्हणाले, तिथली जमीन सिमेंटची, घट्ट, बाकी घराची पोकळ आहे. तिथं उखळ हलत नाही."

मी विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

"याआ काहीतरी. फार गोड बोलते. पूर्वी इथं कोण राहायचं विचारलं तर डोळ्यांत पाणी आणते."

तो गेल्यावर मी मागच्या दारात जाऊन ओकले. खोटं नाही, खरोखर ओकले. रासाकीच्या बायकोला वाटलं मला दिवस गेले.

तुझ्या हातानं, याआ? मामानं घर घेतलं, ते मी समजू शकते, तो चोर आहे आणि चोर चोरी करतो. दारुडे पितात, तेही समजते. पण तू रोज तिथं गुडघे टेकून बसतेस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या आईच्या छातीवर मुसळ पडतं आणि तू गोळा फिरवतेस. तुला मऊ फुफूची शाबासकी मिळते. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं आपण म्हणतो. खाणारी कशी दिसते ते मला आता माहीत झालं. ती माझ्या शेजारी शाळेत बसायची.

"रोज झाडलं जातं." केवढं खरं बोललीस गं! एक शब्द खोटा नाही.

मुइनात


टेचिमान
२ डिसेंबर १९७०

मुइनात,

तुझं पत्र आलं त्याला पंधरा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. आता लिहिते, वाचायचं तर वाच.

मामानं किल्ली मागितली नाही. तो सुतार घेऊन आला आणि कुलूप काढलं. मी दारात उभी राहिले. म्हणाला, "बाजूला हो, लोक बघतायत." मी बाजूला झाले. एवढंच घडलं. मोठं भांडण झालं, मला मारलं, असं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. काही झालं नाही. मी बाजूला झाले.

मग तो म्हणाला, खानावळ काढतो, स्वयंपाक तू कर. माझ्या नवऱ्याचं तुला माहीत आहे. आमच्या रीतीप्रमाणे त्याची मिळकत त्याच्या भाच्यांकडे जाते, माझ्या पोरांना आधार माझ्या मामाचाच. मी विचार केला, मी आत असले तर निदान खोलीवर नजर राहील. खरंच असा विचार केला, मुइनात. पहिले आठ दिवस खोलीला पडदा लावला, म्हटलं इथं धान्य ठेवायचं आहे. नवव्या दिवशी गड्यांनी उखळ आणलं. अंगणात ठेवलं तर डुलायला लागलं. मधल्या खोलीत ठेवलं, डुललं. मग त्यांनी पडदा सारला. आपण त्या वेळी सिमेंट जास्तच घातलं होतं. तूच म्हणालीस, पक्कं कर.

पहिल्या घावाला माझे डोळे मिटले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला मिटून चाललं नसतं, बोटं गेली असती. मग हळूहळू सवय झाली. हे तुला ऐकून किळस येईल. मलाही येते, पण सवय झाली हेच खरं. दुपारी गर्दी वाढली की आठवणही राहायची नाही.

आता तू म्हणशील, सांगितलं का नाहीस? एक शब्द बोलले असते की इथं प्रेत आहे, तर आमचे लोक ताटं टाकून पळाले असते. उखळ काय, उंबरा कुणी ओलांडला नसता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तूच बजावलंस ना, कुणाला सांगू नकोस? कुदळ घेऊन येतील म्हणालीस ना? मी शब्द पाळला. शब्द पाळला म्हणून शिव्या घालतेस?

तुला काय वाटतं, मला सोपं आहे? तू तिकडे दुकान थाटून बसलीस. मला इथंच राहायचं आहे, याच लोकांत, याच मामाच्या हाताखाली.

याआ


जॉस
११ जानेवारी १९७१

याआ,

वाचलं. दोनदा वाचलं. शब्द पाळलास म्हणतेस. मूग गिळून बसायचं आणि त्याला शब्द पाळणं म्हणायचं, ही युक्ती चांगली आहे. तू गुपित राखलंस कारण गुपितावर चूल पेटत होती. माझ्याशी तरी असं बोलू नकोस. आपण दोघी एका पाटीवर लिहायला शिकलो.

आता मी तुला शब्दातून मोकळी करते. सांग. सगळ्यांसमोर सांग. खणू देत. हाडं बाहेर फेकली तरी फेकलेलीच असतील, कुटलेली नसतील.

सांगणार नसशील तर पुन्हा लिहू नकोस. तुझं अक्षर पाकिटावर दिसलं तरी मला हात धुवावेसे वाटतात.

मुइनात


टेचिमान
८ मार्च १९७१

मुइनात,

सांगितलं.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. क्वामेच्या शाळेतल्या मास्तरांच्या आईचं मोठं दुःखविधीचं जेवण होतं. सगळं गाव लाल-काळ्या कापडांत. दुपारी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा गल्ल्यापाशी, अद्वोआ मान्सा दाराजवळ, पुढ्यात तिसरा वाडगा. गडी मुसळ घालत होते. मी हात उखळात घातला आणि बाहेर काढला नाही. गड्यानं मुसळ हवेतच धरलं आणि ओरडला, "बाई, हात!"

मी म्हटलं, "मामा, या उखळाखाली इया मुइनातला पुरलंय."

कुणीतरी हसलं. मामा म्हणाला, "काय बरळतेस? तिला कुमासीला पुरलं."

"नाही. इथं. पाच वर्षं झाली. मी ओट्यावर बसून राखण केली होती."

चुलीवर रस्सा उतू गेला, कुणी उतरवला नाही. सगळ्यांत आधी अद्वोआ मान्सा उठली. दारापर्यंत पोचली नाही. तिथंच, मास्तरांच्या पाहुण्यांच्या पायांवर ओकली. मग एकामागून एक. काही खिडकीतून उड्या मारून गेले. बायका तोंडात बोटं घालून ओकारी काढत होत्या. मास्तरांची मावशी माझ्याकडे बोट करून किंचाळली, "वर्षभर हिनं आम्हाला मढ्यावर जेवू घातलं!"

मामानं एकच प्रश्न विचारला. इथं कोण आहे, कसं आलं, काही नाही. म्हणाला, "तुला हे कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "सुरुवातीपासून." त्यानं माझ्या तोंडात मारली. मला राग आला नाही. मुइनात, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याबद्दल राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढा कापून त्याचं रक्त उंबऱ्यावर शिंपडलं आणि तीन माणसं लावून खणलं. धीर यावा म्हणून तिघांना आधी दारू पाजली. सिमेंट फुटायला दुपार झाली. खाली पांढऱ्या कापडाच्या चिंध्या होत्या. हाडं मोडलेली नव्हती. तुला हे आधी सांगायला हवं होतं. एकही मोडलेलं नव्हतं. आपण खूप खोल खणलं होतं.

मामा म्हणाला, ओढ्यापलीकडे उकिरड्यावर टाका. मी खड्ड्यात उतरून बसले. तो म्हणाला, "हिलाही टाका." पण कुणी हात लावेना. मला हात लावायची आता सगळ्यांनाच भीती वाटते. मी माझं वरचं कापड सोडलं, तिला त्यात घेतलं. किती हलकी झाली आहे गं! तुझी आई मला कडेवर घ्यायची तेव्हा तिचा दंड केवढा मोठा वाटायचा.

मुसलमान वस्तीत आता आठ-दहा घरंच उरली आहेत. मशिदीतल्या मौलवीनं, मालम इसाकानं दार उघडलं. तो दागोंबा जमातीचा, घानाचाच, म्हणून उरला. मी सगळं सांगितलं, जिनसुद्धा. तो ऐकून उठला. मग पाणी तापवलं. जे करायचं ते त्यानं रीतीप्रमाणे केलं, मला भिंतीपलीकडे बसवलं. त्यांच्या कब्रस्तानात, चिंचेच्या बाजूला पुरलं. वर दगड ठेवला आहे. मालमनं नाव लिहिलं नाही. म्हणाला, सध्या नको.

खानावळ बंद झाली. मामानं मला घराण्याच्या बैठकीतून काढलं. नवरा त्याच्या आईकडे जेवतो. मी बाजारात उकडलेले कंद घेऊन बसते, संध्याकाळी तसेच घरी आणते. माझ्या हाताचं कुणी खात नाही. काल एका परगावच्या माणसानं घेतले. तो तोंडात घालणार तोच शेजारणीनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं ते माझ्या पायाशी थुंकले.

तू क्षमा कर असं मी म्हणत नाही. फक्त पाकिटावरचं अक्षर बघून हात धुतेस का अजून, तेवढं कळव.

याआ


जॉस
१९ एप्रिल १९७१

याआ,

तुझं पत्र मंगळवारी आलं. रासाकीला वाचून दाखवलं. 'एकही मोडलेलं नव्हतं' इथं आल्यावर तो उठून बाहेर गेला. मी तुला लगेच उत्तर लिहायला घेतलं. दोन पानं लिहिली. चांगली लिहिली होती. त्यात मी म्हटलं होतं की दहा महिने उशिरा बोललेल्या तोंडाला शाबासकी मिळत नाही. म्हटलं होतं की माणूस गप्प कसा बसू शकतो हे मला या जन्मात कळणार नाही.

ती पानं मी चुलीत घातली. का ते सांगते.

बुधवारी सकाळी दुकानात एक माणूस आला. चाळिशीचा, इग्बो जमातीचा, अंगावर दुसऱ्याचा कोट. आत येईना, पायरीवर उभा राहून दाराकडे, खिडकीकडे, छपराकडे बघत होता. मला वाटलं उधार मागणार. काकांनी विचारलं, "काय हवं?" तर म्हणाला, "काही नको. हे घर माझं आहे."

मी तुला या घराबद्दल कधी नीट लिहिलं नाही. 'काकांनी जागा बघून ठेवली' एवढंच लिहिलं. पाच वर्षांपूर्वी इथल्या इग्बो लोकांना मारलं, हाकललं, ते नेसत्या वस्त्रांनिशी पूर्वेला पळाले आणि मग तिकडे युद्ध झालं. घरं रिकामी राहिली. काकांनी त्यातलं एक घेतलं. आम्ही आलो तेव्हा मी विचारलं, हे कुणाचं? काका म्हणाले, "कुणाचं नाही." मी पुन्हा विचारलं नाही. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, चार मुलांच्या, नावांसकट. पहिल्याच आठवड्यात रंग दिला. ब्रश माझ्या हातात होता.

काका त्या माणसावर आवाज चढवायला लागले. "कागद आहे? कागद दाखव!" काकांच्या तोंडून तो शब्द ऐकला, पण मी दुकानात मागं सुया मोजत राहिले.

तो माणूस भांडला नाही. त्याचं नाव ओन्वुका. म्हणाला, "घराचं सरकार बघेल. मी घरासाठी आलो नाही. माझी बायको युद्धात गेली. तिची एक निळी पत्र्याची पेटी होती, लग्नातली. आतलं काही नको, आत काही उरलं नसेल. मुलींना आईचं काहीतरी दाखवायला हवं." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. काकांकडे नाही, माझ्याकडे. इकडच्या हौसा भाषेत, फार अदबीनं म्हणाला, "ताई, तुम्ही इथं राहायला आलात तेव्हा एक निळी पेटी बघितली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "अल्ला तुमचं भलं करो." ख्रिस्ती माणूस, पण मला बरं वाटावं म्हणून अल्लाचं नाव घेतलं. शनिवारी सकाळच्या गाडीनं गेला. तोपर्यंत बाजारातल्या शिंप्याकडे उतरला होता, मला माहीत होतं. दोन वेळा मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.

हात मी अजूनही धुते, याआ. तुझ्या अक्षरामुळे नव्हे.

इथं मेज नाही. हे पत्र मी त्या निळ्या पेटीवर ठेवून लिहिते आहे.

मुइनात